एका ‘सावधान’ला तीन कॅमेरे

मंगलाष्टकांचा शेवटचा चरण संपतो, गुरुजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात आणि पुढच्या आठ-दहा सेकंदांत लग्नातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी एकदम घडून जातात. अंतरपाट बाजूला ओढला जातो, अक्षतांची शेवटची मूठ उडते, दारातला सनई-चौघडा किंवा बँड वाजू लागतो, वधू मान वर करते, तिच्या मागे दिवा घेऊन उभी असलेली करवली उगीचच हसते आणि पहिल्या रांगेतले आजोबा चष्मा काढून डोळे पुसतात. एक कॅमेरा एका वेळी यांतली एकच गोष्ट नीट टिपू शकतो. चित्रपटात बहुतेक वेळा एका कॅमेऱ्यावर भागते, कारण तिथे तोच प्रसंग पुन्हा करून घेता येतो. आधी नायिकेचा चेहरा घ्यायचा, मग कॅमेरा उचलून नायकाचा घ्यायचा आणि दोन्ही जोडायचे. गुरुजींना मात्र ‘पुन्हा एकदा सावधान म्हणा’ असे सांगता येत नाही. (हार दोन-तीनदा घालायला लावतात हे खरे, पण तो फोटोसाठी केलेला अभिनय असतो आणि व्हिडिओत तो लगेच ओळखू येतो.) लग्नाला एकाहून अधिक कॅमेरे लागतात ते या एवढ्याचसाठी.

घरची मंडळी चौकशीला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘कॅमेरे किती लावणार?’ हा असतो आणि दरही त्यावरच ठरतो. मी चित्रीकरणापेक्षा नंतरचे एडिटिंगचे काम अधिक केले आहे. त्याला आमच्या धंद्यात जुन्या सवयीने अजूनही ‘मिक्सिंग’ म्हणतात. त्या खुर्चीवरून पाहिले, तर हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही. एकमेकांशी न जुळणारे पाच कॅमेरे म्हणजे एका लग्नाचे पाच निरनिराळे व्हिडिओ होत. त्यांचे एक लग्न होत नाही. कॅमेऱ्यांचे तीन बाबतींत एकमत व्हावे लागते: कोणत्या बाजूने पाहायचे, वेळ कोणती मानायची आणि रंग कोणता धरायचा. यांपैकी वेळेचे एकमत सर्वांत अवघड असते आणि चित्रीकरण करणारे सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच करतात, म्हणून या लेखातही त्यालाच अधिक जागा दिली आहे.

आधी बाजू. प्रेक्षकांत बसून स्टेजकडे पाहत आहात, वधू डावीकडे, वर उजवीकडे आणि मध्ये अंतरपाट आहे, असे समजू. आता वधूपासून वरापर्यंत एक दोरी ताणली आहे अशी कल्पना करा. सगळे कॅमेरे या दोरीच्या एकाच बाजूला, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला असले, तर कोणत्याही कॅमेऱ्यात वधू उजवीकडे पाहताना दिसते आणि वर डावीकडे. चित्र एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर गेले तरी ते दोघे एकमेकांकडे पाहत आहेत हे डोळ्याला पटते. एखाद्या उत्साही कॅमेरामनने पडद्याच्या बाजूने, म्हणजे त्यांच्या पाठीमागच्या सजावटीकडून चित्रण केले, तर तो दोरी ओलांडतो. त्याच्या चित्रात वधू डावीकडे पाहू लागते, आणि हे चित्र आधीच्या चित्राला जोडले की वधू-वर दोघेही एकाच दिशेला, जणू तिसऱ्याच कोणाकडे पाहत असल्याचा भास होतो. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण खटकते. शिवाय तो कॅमेरामन स्वतः बाकीच्या सगळ्या कॅमेऱ्यांत येतो, तो वेगळाच त्रास.

यातून एक गमतीचा नियम निघतो. वधूच्या खांद्याच्या बाजूला उभा असलेला कॅमेरा वराचा चेहरा टिपतो आणि वराच्या बाजूचा कॅमेरा वधूचा. त्यामुळे दोन्ही घरांनी आपापले व्हिडिओवाले आणले असतील, तर वधूकडच्या माणसाला मुलाकडच्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहावे लागते आणि तिथे त्याला कोणी जागा देत नाही. दोन्ही पथकांनी आधी दहा मिनिटे बोलून जागा वाटून घेतल्या तर हे टळते. पण असे बोलणे मी फार कमी वेळा झालेले पाहिले आहे.

अंतरपाट गेल्यावर ही दोरी जागा बदलते. वधू-वर शेजारी बसतात, समोर गुरुजी आणि होमकुंड येते, आणि आता दोरी या दोघांपासून गुरुजींपर्यंत जाते. सप्तपदीला तर ती पावलागणिक सरकते. बाजूच्या दोन्ही कॅमेऱ्यांना या काळात आपली जागा सोडून नवी शोधावी लागते, आणि त्यांचे ते चालणे, धक्के, फोकससाठीची धडपड हे सगळे झाकायला एक स्थिर चित्र हाताशी असावे लागते. ते काम तिसऱ्या कॅमेऱ्याचे.

हा तिसरा कॅमेरा म्हणजे हॉलच्या मागच्या बाजूला, स्टँडवर, पूर्ण स्टेज दिसेल असा वाइड लावलेला कॅमेरा. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्यातले चित्र कोणी सोशल मीडियावर टाकत नाही, आणि माणसे कमी पडली की सर्वांत नवख्या मुलाला तिथे बसवले जाते. माझ्या मते तोच खरा मुख्य कॅमेरा आहे. त्याच्याबाबत दोनच अटी आहेत. तो माणसांच्या डोक्यांवरून पाहील इतका उंच असावा, कारण अक्षता टाकायला सगळे उभे राहतात आणि बसलेल्या प्रेक्षकांचा अंदाज घेऊन लावलेल्या कॅमेऱ्यात नेमक्या मुहूर्तावर फक्त पाठी आणि उंचावलेले मोबाइल उरतात. दुसरी अट अशी की, एकदा सुरू केल्यावर तो विधी संपेपर्यंत बंद करायचा नाही. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत नुसत्या अडॅप्टरवर चालणारा कॅमेरा मालवतो, म्हणून त्यात भरलेली बॅटरी असली पाहिजे. जुन्या फोटो-कॅमेऱ्यांपैकी अनेकांना २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबण्याची सवय आहे. युरोपीय संघात अर्धा तास किंवा अधिक सलग चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेरा म्हणून जास्त आयात कर लागत असे, तो चुकवण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. ब्रसेल्समधल्या कराच्या नियमाने आपल्याकडचे कन्यादान अर्धवट राहू नये, यासाठी मागच्या जागेवर असा कॅमेरा ठेवू नये.

आता वेळ. मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. मांडवात कोणाकडे कोणतेही घड्याळ असो, त्या वाटीची वेळ सगळ्यांना मान्य असे. तीन कॅमेऱ्यांच्या लग्नातही अशी एक वाटी लागते, कारण प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ वेगळे चालते.

ही अडचण तीन पायऱ्यांनी समजून घ्यावी. पहिली अगदी उघड आहे: कॅमेरे एकाच क्षणी सुरू झालेले नसतात. मागचा कॅमेरा साडेदहाला लागला, बाजूचा पावणेअकराला, तर दोघांच्या फायलींमध्ये ‘सावधान’ निरनिराळ्या मिनिटाला येते. जुना उपाय म्हणजे टाळी. चित्रपटातली क्लॅपची पाटी हेच करते. पाटी मिटल्याचे चित्र आणि तिचा आवाज यांवरून दोन फायली एकमेकींवर बसवता येतात. लग्नात पाटी घेऊन जाण्याची गरज नाही. सगळे कॅमेरे सुरू केल्यावर एकाने स्टेजसमोर हात उंच करून एक खणखणीत टाळी वाजवली तरी पुरते. आजकाल प्रीमियर, दा विंची रिझॉल्व्ह, फायनल कट, तसेच आपल्याकडे लग्नाच्या कामात बराच वापरला जाणारा एडियस, ही सॉफ्टवेअर प्रत्येक कॅमेऱ्याने ध्वनिमुद्रित केलेला आवाज ताडून फायली आपोआप जुळवू शकतात. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू असला पाहिजे. ‘आवाज वेगळा घेणारच आहोत’ म्हणून कॅमेऱ्याचा माइक बंद करणारा माणूस मिक्सिंग करणाऱ्याचा हात मोडून ठेवतो.

दुसरी पायरी अशी की बाजूचे कॅमेरे मध्येच थांबतात. बॅटरी बदलली, कार्ड बदलले, कंटाळा आला. कारण काहीही असो, प्रत्येक वेळी नवी फाइल तयार होते आणि प्रत्येक फाइल पुन्हा जुळवावी लागते. इथे मागच्या अखंड कॅमेऱ्याची किंमत कळते. तो भिंतीसारखा उभा असतो आणि बाकीचे तुकडे त्यावर आपापल्या जागी टांगता येतात. तिन्ही कॅमेरे थांबत-थांबत चालले असतील, तर तुकड्याला तुकडा जोडत जावे लागते आणि मध्ये कुठे तरी असा एक क्षण निघतो, जेव्हा कोणताच कॅमेरा चालू नव्हता.

तिसरी पायरी थोडी सूक्ष्म आहे. कॅमेऱ्यातले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी एकसारखे कंप पावत नाहीत. दोन यंत्रांत दर दहा लाख सेकंदांमागे २० सेकंदांचा फरक असणे ही काही दोषाची गोष्ट नाही. याचा हिशेब करून पाहू. एका तासात ३,६०० सेकंद असतात. त्यात हा फरक ०.०७२ सेकंद होतो. व्हिडिओ म्हणजे ओळीने धावणारी स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ०.०४ सेकंदाची; तेव्हा तासाला जवळजवळ दोन फ्रेम आणि तीन तासांत पाचाहून अधिक फ्रेम फरक पडतो. सीमांतपूजनाला बिनचूक जुळवलेली, आवाजाच्या वेगळ्या रेकॉर्डरची फाइल सप्तपदीपर्यंत पोचताना गुरुजींच्या ओठांपासून सुटलेली असते, त्याचे कारण हे. ओठ आणि आवाज यांत दोन फ्रेमचा फरक बहुतेकांना जाणवत नाही. पाच फ्रेमचा मात्र चुलत्यांनाही जाणवतो. लांब फाइल विधींच्या मध्ये कापून प्रत्येक तुकडा नव्याने जुळवला की हा दोष सहज निघतो.

मोठ्या कामांत टाळीऐवजी टाइमकोड वापरतात. प्रत्येक फ्रेमवर तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम असा चार भागांचा पत्ता लिहिला जातो आणि सगळ्या यंत्रांवर तोच पत्ता यावा म्हणून सकाळी एकदा सर्वांना एका घड्याळाशी मिळवून घेतात. त्यासाठी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी प्रत्येक कॅमेऱ्याला लावतात. तिच्यातला स्फटिक तापमान बदलले तरी स्वतःला सावरून घेतो. ज्या कॅमेऱ्याला टाइमकोडसाठी वेगळे तोंड नसते, त्याच्या माइकच्या तोंडात हा पत्ता आवाजाच्या रूपाने घालतात. ऐकायला तो जुन्या फॅक्सच्या किरकिरीसारखा लागतो आणि आवाजाची एक बाजू त्यात खर्ची पडते. तीन कॅमेऱ्यांच्या साध्या लग्नाला हा खर्च करू नये असे माझे मत आहे. टाळी, चालू माइक आणि अखंड मागचा कॅमेरा एवढ्यावर उत्तम काम होते.

वेळेच्या याच हिशेबात फ्रेमची गती येते. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले, तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पूर्ण ठोके मावतात आणि चित्र शांत राहते. शटर १/६० असेल, तर एका फ्रेममध्ये ठोका अर्धवट कापला जातो आणि भिंतीवरून काळसर पट्टे सरकू लागतात. म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी सगळ्या कॅमेऱ्यांवर लावून टाकावी. अमेरिका आणि जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या पद्धतीतली २९.९७ ही गती अनेक कॅमेऱ्यांत आधीपासून ठेवलेली असते, आणि नात्यातल्या कोणी परदेशातून आणलेला कॅमेरा हमखास त्यावरच असतो.

एका लग्नाचे काम माझ्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांच्या कार्डांसकट आले होते. मागचा कॅमेरा २५ वर होता, बाजूचा २९.९७ वर आणि १/६० शटरवर, आणि तिसरा एका ‘सिनेमॅटिक’वाल्याचा होता. या गृहस्थांनी मंगलाष्टकांचा शेवट आणि अंतरपाट हे सर्व कॅमेऱ्यातल्याच स्लो मोशनमध्ये, सेकंदाला १०० फ्रेम घेऊन, चित्रित केले होते. ते २५ च्या गतीने चालवले की सगळे चौपट संथ दिसते आणि अक्षता कापसासारख्या तरंगतात. दिसायला फार देखणे. पण अनेक कॅमेरे या पद्धतीत आवाज घेतच नाहीत. म्हणजे आवाजावरून जुळवण्याचा मार्ग बंद. शेवटी तोडगा सापडला तो फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये. फ्लॅशचा उजेड बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे तो प्रत्येक कॅमेऱ्यात एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच सापडतो, कधी तर अर्ध्या फ्रेमपुरताच पांढरा पट्टा उमटतो. अंतरपाट ओढतानाचे ओळीने तीन फ्लॅश मागच्या कॅमेऱ्यात शोधले, तेच तीन स्लो मोशनच्या फायलीत शोधले, फाइल चौपट वेगाने चालवून त्यांतली अंतरे ताडली आणि मग ती जागेवर बसली. यात एक अख्खा दिवस गेला. तेव्हापासून मी चित्रीकरणाला जाणाऱ्यांना एकच विनंती करतो की स्लो मोशन हारांसाठी जरूर घ्या, पण ‘सावधान’ संपेपर्यंत सगळ्यांनी साध्या गतीवर राहा.

आवाज हा विषय खरे तर वेळेचाच दुसरा भाग आहे. चित्र दहा ठिकाणांहून येऊ शकते, पण आवाज एकाच ठिकाणाहून यावा लागतो, नाहीतर चित्र बदलताच हॉलचा आकार बदलल्यासारखे वाटते. सर्वांत सोयीचे म्हणजे कार्यालयातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर आपल्या रेकॉर्डरला घ्यावी. गुरुजींचा आणि मंगलाष्टके म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांचा, असे सगळे माइक त्या मिक्सरमध्ये येतातच. मिक्सरमधून येणारा आवाज मात्र माइकच्या तुलनेत कितीतरी जोरकस असतो. तो घेताना रेकॉर्डर ‘लाइन’वर ठेवावा लागतो, तो ‘माइक’वर राहिला, तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आवाजाची पातळी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली, तर वर पुरेशी जागा उरते. तरीही ‘सावधान’नंतर बँड सुरू झाला की काटा शून्याला, म्हणजे आवाज फाटण्याच्या हद्दीला, टेकतो. यासाठी काही रेकॉर्डर त्याच आवाजाची दुसरी, मुद्दाम हळू ठेवलेली प्रत घेतात, आणि ३२ बिट फ्लोट प्रकारच्या रेकॉर्डरमध्ये तर पातळीची चिंता जवळजवळ उरत नाही. गुरुजींच्या उपरण्याला लावलेला बिनतारी माइक ही दुसरी सोय, पण छोटे बिनतारी माइक बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वायफाय व ब्लूटूथही तिथेच असते. पाचशे पाहुण्यांच्या खिशातल्या फोनांशी स्पर्धा करताना तो माइक मधेच गुळण्या करू लागतो. एकावर विसंबून राहू नये, दोन्ही ठेवावेत.

रंगाबद्दल मला फार सांगायचे नाही. एवढेच की कॅमेऱ्यातले ‘ऑटो’ लग्नात भरवशाचे नाही. मराठी लग्नातली दोनच उदाहरणे पुरेशी आहेत. विधींच्या वेळी वधू मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री नेसते. जवळून घेतलेल्या चित्रात तो पिवळा रंग पडदा भरून राहिला की कॅमेऱ्याला वाटते, उजेडच पिवळा आहे; तो निळसर छटा मिसळून ‘सुधारणा’ करतो आणि हळदीचा चेहरा आजारी दिसू लागतो. त्याच वेळी मागच्या वाइड कॅमेऱ्यात सगळे ठीक असते, त्यामुळे दोन्ही चित्रे शेजारी ठेवताच दोन वेगळी लग्ने दिसतात. दुसरे उदाहरण अंतरपाटाचे. कुंकवाचे स्वस्तिक काढलेले ते पांढरेशुभ्र कापड कॅमेऱ्यासमोर असेपर्यंत आपोआप चालणारी यंत्रणा उजेड कमी करत राहते आणि मागचे चेहरे काळवंडतात. कापड ओढले गेले की एक-दोन सेकंद चित्र उजळत जाते. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप केला, तोच क्षण या चढउतारात जातो. स्टेजच्या दिव्यांखाली करड्या रंगाचे कार्ड धरून तिन्ही कॅमेऱ्यांवर उजेडाचा रंग आणि एक्स्पोजर हाताने एकच लावावे, आणि मग डेकोरेशनवाल्याला रंगीत दिवे मुहूर्तापर्यंत बंद ठेवण्याची विनंती करावी. तो ऐकेलच असे नाही.

आता या सगळ्या फायली संगणकावर येतात. सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेले फोर-के चित्रण तासाला ४५ गिगाबाइट जागा घेते, म्हणजे तीन कॅमेऱ्यांचे चार-चार तास ५४० गिगाबाइटच्या घरात जातात, आणि त्याच्या दोन प्रती करायच्या असतात. कार्डावरून फक्त व्हिडिओच्या फायली ओढून घेऊ नयेत, पूर्ण फोल्डर जसेच्या तसे घ्यावे. काही कॅमेरे लांब चित्रणाचे चार-चार गिगाबाइटचे तुकडे करतात आणि ते तुकडे सांधा न दिसता जोडण्याची माहिती त्या फोल्डरमध्येच असते. एवढे जड चित्र साध्या संगणकावर तीन खिडक्यांत एकदम चालत नाही, म्हणून आधी त्याच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करतात आणि शेवटी मूळ फायली जागेवर आणतात. जुळवलेल्या फायलींची एक मल्टिकॅम क्लिप केली की पडद्यावर तिन्ही चित्रे एकदम चालू लागतात, आवाज मात्र एकच असतो, आणि पाहता-पाहता १, २, ३ अशी बटणे दाबत चित्र बदलत जाता येते. तीन तासांच्या विधींचा पहिला खर्डा तीन तासांत तयार होतो. जुळवणी चुकलेली असेल, तर हेच काम आठवडाभर चालते.

चित्र केव्हा बदलायचे, याला यंत्राकडे उत्तर नाही. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एकोणीस अक्षरांचा चरण, बाराव्या अक्षरावर यती. मी शक्यतो त्या यतीवर किंवा चरणाच्या शेवटी चित्र बदलतो, कारण गाणारी व्यक्ती तिथे श्वास घेते आणि ऐकणाऱ्याचे लक्षही तिथे क्षणभर सैल होते. चरणाच्या मध्येच कापले, तर गाणे अडखळल्यासारखे वाटते, जरी आवाज अखंड असला तरी. आणि ‘सावधान’च्या त्या आठ-दहा सेकंदांत हाती तीन कॅमेरे आहेत म्हणून तिन्ही दाखवत सुटू नये. अंतरपाट पूर्ण सरकेपर्यंत मागचे मोठे चित्र, मग वधूचा चेहरा, आणि तो पुरेसा वेळ. वराचा चेहरा हार घालताना येतोच.

कार्यालयातल्या एलईडी पडद्यावर किंवा परदेशातल्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर थेट दाखवायचे असेल, तर हीच निवड त्या क्षणी करावी लागते. ब्लॅकमॅजिक कंपनीचा एटेम मिनी हा चित्रांचा छोटा मिक्सर २०१९ मध्ये आल्यापासून चार कॅमेरे जोडून बटणांनी चित्र बदलणे साध्या स्टुडिओंनाही परवडू लागले. हा मिक्सर प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र घेऊन स्वतःच्या ठेक्यात बसवतो, त्यात फ्रेमभर उशीर होतो, पडद्याचा प्रोसेसर आणखी थोडा लावतो, आणि म्हणून समोरचा अंतरपाट आधी जातो व पडद्यावरचा किंचित नंतर. यूट्यूबवर पाठवताना आवाजही तेवढाच थांबवून सोडावा लागतो. थेट दाखवत असतानाही प्रत्येक कॅमेऱ्याने आपल्या कार्डावर चित्रण चालूच ठेवावे, कारण मिक्सरवर बसलेल्या माणसाने चुकीचे बटण दाबले, तर ती चूक फक्त पडद्यापुरती राहते.

आवाजावरून फायली जुळवण्याचा एक बारकावा अजून सांगायचा राहिला आहे. उजेड हॉलमध्ये तत्काळ पोचतो, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर एवढ्याच वेगाने चालतो. स्पीकरपासून १४ मीटर लांब असलेल्या कॅमेऱ्याला आवाज एक पूर्ण फ्रेम उशिरा ऐकू येतो. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवते, त्यामुळे त्या कॅमेऱ्याचे चित्र एक फ्रेम आधी सरकते. मागचा कॅमेरा मी म्हणूनच जुळवणीनंतर हाताने एक फ्रेम मागे, म्हणजे उशिरा येईल असा, ढकलतो, म्हणजे ओठ आवाजाच्या आधी हलत नाहीत.

काही घरांत मुलीची आई मंगलाष्टकांच्या वेळी हॉलमध्ये थांबत नाही, ती तुळशीपाशी असते. अशा घरचे काम असले की मी चौथा, लहानसा कॅमेरा तिथे लावायला सांगतो. तुळस बहुधा अंगणात, स्पीकरपासून ४० मीटरवर वगैरे असते. तिथे आवाज तीन फ्रेम उशिरा पोचतो, भिंतींतून गाळून आलेला, थोडा बसका. आई पाणी घालत असते, आतून ‘सावधान’ ऐकू येते आणि तिचा हात थांबतो. नियमाप्रमाणे पाहिले, तर हे चित्र तीन फ्रेम मागे ढकलायला हवे, कारण ती खरोखरच तेवढ्या उशिरा थांबली. मी ते ढकलत नाही; तिचा हात आणि आतला अंतरपाट एकाच क्षणी हलू देतो, आणि आवाज मात्र मिक्सरमधला स्वच्छ न घेता तुळशीपाशी ऐकू आलेला तोच बसका ठेवतो.